टाका आत की बाहेर

इस्पितळाच्या लाँड्रीतला बॉयलरवाला म्हणायचा, या दोघी जावा एकाच चादरीची दोन टोकं धरून म्हाताऱ्या होणार. धाकटीपुरतं ते खरं व्हायला अवकाश होता. तिचे केस अजून काळे होते. थोरलीचं मात्र होऊन चुकलं होतं. केसांचं काही नाही, ते पिकतातच. पण तिचे गुडघे गेले होते.

गुडघे एका दिवसात जात नाहीत. आधी जिना चढताना कुरकुरतात, मग उतरताना, आणि शेवटी माणूस नुसतं उभं राहिलं तरी गप्प बसत नाहीत. थोरलीचे या शेवटच्या पायरीवर आले होते, आणि तिचं काम होतं उभ्याचं.

लाँड्री तळमजल्यावर. एका अंगाला धुण्याची आणि पिळण्याची यंत्रं, पायाखाली कायम ओल. दुसऱ्या अंगाला कोरडं राज्य: तापलेला रोलर, त्यातून कढत बाहेर येणाऱ्या चादरी, आणि भिंतीपलीकडे घडीघर. घडीघरात लांब लांब टेबलं, भिंतीला वॉर्डवार फळ्या, आणि खुर्ची एकही नाही. खुर्ची असली तर कुणीतरी बसेल, आणि कुणी बसलं तर चादरींचा डोंगर होईल, असा विचार ती खोली बांधणाऱ्याने केला असावा. चुकीचा नव्हता.

चादरीची घडी एकटीने होत नाही. होते, पण ती घडी नव्हे, गुंडाळी. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरून चादर ताणायची, झटकायची, लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची. मग एकीने आपलं टोक घेऊन दुसरीपर्यंत चालत जायचं, कोपरे तिच्या हातात द्यायचे, वाकून खाली लोंबणारी दुमड उचलायची. एक चालणारी, एक उभी राहणारी. पूर्वी दोघी आळीपाळीने चालायच्या. थोरलीचे गुडघे बोलायला लागले तेव्हापासून धाकटीच चालायला लागली. यावर दोघींत एक शब्दही झाला नाही. एक दिवस धाकटीने पलीकडचं टोक उचललं आणि ती तिकडचीच झाली.

तरी उभं राहणं होतंच. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उभ्याचं काम सोडा. मुकादम म्हणाला, उभ्याचं सोडलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? वाईट मनाने म्हणाला नाही. खरोखरच दुसरं काही नव्हतं. थोरलीचा नवरा फरश्या बसवायचा; त्याचंही आयुष्य गुडघ्यांवरच गेलेलं, त्यामुळे त्याला कळत होतं. तो म्हणाला, पुष्कळ केलंस, आता बस घरी. थोरलीने त्याला सांगितलं की घरी बसून गुडघे बरे होतील, पण बाकीचं सगळं आजारी पडेल. नवऱ्याला ते पटलं. त्याने स्वतः घरी बसून पाहिलं होतं, एक पावसाळाभर, पाय मोडला तेव्हा. सगळ्या घराला पुरून उरला होता.

अशात खुणेची खोली रिकामी झाली.

घडीघराला लागूनच ती खोली. खिडकी, कपाट, टेबल आणि हातांची खुर्ची. नव्या कापडावर लाल दोऱ्याने कोपऱ्यात वॉर्डाचं नाव घालायचं, इंग्रजीत, हे तिथलं काम. अक्षरांसाठी पत्र्याचा साचा होता; पेन्सिल फिरवायची आणि त्यावरून साखळीटाका घालायचा. बरीच वर्षं हे काम करणारी बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेली आणि जो तो सवडीप्रमाणे खुणा घालू लागला. त्याचं व्हायचं तेच झालं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एक मुख्य डॉक्टरांची स्वतःची, एक सगळ्या डॉक्टरांची. दोन्ही नावांत अक्षरं तीच, फक्त वर एक बारीक टाका. तो शेवटच्या एसच्या आधी घातला तर कोट एकट्या मुख्य डॉक्टरांचा, एसच्या नंतर घातला तर सगळ्यांचा. मुख्य डॉक्टरांचे नवे कोट सगळ्यांच्या खोलीत गेले, तिथे ज्याला बसले त्याने घातले, आणि मुख्य डॉक्टर राउंडला आले ते बाह्या मनगटाच्या वर चढलेला कुणाचा तरी कोट घालून.

मेट्रनबाई स्वतः खाली उतरल्या. घडीघराच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं की खुणेच्या खोलीसाठी लाँड्रीतल्याच माणसाला घेऊ, पण परीक्षा घेऊन. मी नाव सांगेन, त्याने ते कापडावर घालायचं. शिवण चांगली हवी, आणि टाका जागेवर हवा. कुणीतरी विचारलं, नावांचा एक तक्ताच भिंतीला लावला तर? मेट्रनबाई म्हणाल्या, तक्ता आहे की, त्याच्यावरूनच कोटांचा घोळ झाला.

थोरलीने नाव दिलं. दुसरं नाव दिलं प्रेसवाल्याने. त्याची बोटं इतकी नीटस होती की शर्टाच्या कॉलरला तो इस्त्री करायचा की गोंजारायचा ते कळत नसे.

धाकटीने नाव दिलं नाही, आणि याचं सगळ्या लाँड्रीला नवल वाटलं. तिची शाळा दहावीपर्यंत झालेली, इंग्रजी आवडीचं. मुकादमाने तिला समजावलं, बॉयलरवाल्याने तिला वेड्यात काढलं. ती म्हणायची, मला एका जागी बसवत नाही, बसले की झोप येते. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं थोरलीला कळत होतं, आणि म्हणूनच तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही. उपकाराची वाच्यता केली की तो फेडावा लागतो, आणि हा फेडण्यासारखा नव्हता.

थोरलीला इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती. आयुष्यभर वॉर्डांची नावं वाचून फळ्या लावल्या होत्या. पण ती अक्षरं तिला चेहऱ्यांसारखी माहीत होती. त्यांची नाती माहीत नव्हती. ती नाती धाकटीने समजावायला घेतली. वेळ दुसरी नव्हतीच. घरी गेल्यावर दोघींच्या दोन चुली. तेव्हा चादरी घडी करता करताच शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी धाकटीने त्या टाक्याचं इंग्रजी नाव सांगितलं, अपॉस्ट्रॉफी. थोरली म्हणाली, एवढ्याशा टाक्याला एवढं लांब नाव कशाला? मुंगीला हत्तीची झूल. तेव्हापासून तो नुसता टाकाच राहिला.

धाकटीची रीत सरळ होती. आधी विचारायचं, वस्तू कुणाची आहे का? टॉवेल पुष्कळ आहेत, एवढंच सांगायचं असेल तर एस लावायचा आणि गप्प बसायचं, टाका नाही. थोरलीला हे जड गेलं. एस दिसला की तिचा हात टाक्याकडे जायचा. टाका दिसतो बरा, असं तिचं म्हणणं. धाकटी म्हणाली, ताई, तो दागिना नव्हे, कुलूप आहे. मालक असेल तरच लावायचं.

मग मालक. मालक एक असेल तर शब्द, टाका, मग एस. मालक अनेक असतील तर आधी शब्द अनेकांचा करायचा. त्याच्या शेवटी एस आला, की टाका त्या एसच्याही बाहेर. एक नर्स, टाका आत. पुष्कळ नर्सेस, टाका बाहेर. थोरलीने हे आपल्या परीने लावलं: एकटा असला की घरात झोपतो, पाहुणे जमले की खाट अंगणात.

पण पुरुष, बायका आणि मुलं यांनी घोळ घातला. ही मंडळी इंग्रजीत अनेक झाली तरी शेवटी एस घेत नाहीत, आतल्या आतच बदलतात. मेन, विमेन, चिल्ड्रन. त्यांचा टाका आतच, आणि एस मागून.

"पुष्कळ असून आत?" थोरली म्हणाली.

"त्यांनी येताना एस आणला नाही ना. मग टाका देऊन आपणच आपल्याकडचा द्यायचा."

"हात हलवत आलेले पाहुणे," थोरली म्हणाली, आणि ते तिच्या डोक्यात कायमचं बसलं. बाळांचं मात्र बसेना. एक बाळ असलं की शेवटी वाय, पुष्कळ झाली की तो वाय जाऊन भलतीच अक्षरं येतात. थोरलीला वाटायचं, पुष्कळ बाळं झाली म्हणून कुणी आपलं अक्षर टाकून देतं का?

सगळ्यात मोठं भांडण मुख्य डॉक्टरांवरून झालं. धाकटीने विचारलं, मुख्य डॉक्टरांचा कोट, टाका कुठे? थोरली छातीठोक म्हणाली, बाहेर. का? तर डॉक्टरांचा. डॉक्टराचा नव्हे, डॉक्टरांचा. म्हणजे अनेक. धाकटी आधी हसली आणि मग तिला कोटांच्या घोळाचं मूळ सापडलं. ज्या कुणी तक्त्यावर तो टाका घातला होता त्याने मान राखून घातला होता. आपल्याकडे मान दिला की एकाचे अनेक होतात. तिने थोरलीला समजावलं की इंग्रजीत तसं नाही. तिथे माणूस कितीही मोठा असला तरी एकच.

"उद्धट भाषा दिसते," थोरली म्हणाली.

पण शिकली. शिकवणीला एक ठेका आला. चादर ताणली की थोरली नाव उच्चारायची: नर्सांचं वसतिगृह. धाकटी आपलं टोक घेऊन चालत यायची, कोपरे थोरलीच्या हातात ठेवायची आणि म्हणायची: अनेक, एस आहे, टाका बाहेर. पुढची चादर. बायकांचा वॉर्ड. धाकटी यायची: अनेक, एस नाही, टाका आत. कोपरे हातात आले की उत्तर आलं. घडी इतकी झकास बसायची आणि उत्तरं इतकी वेळेवर यायची की शेजारच्या टेबलावरच्या बायकाही पाठोपाठ म्हणायला लागल्या. बॉयलरवाल्याने दारातून डोकावून विचारलं, इथे चादरी घडी करतात की शाळा भरते? थोरली म्हणाली, दोन्ही, आणि तुझ्यासारख्याला दोन्हीत घेत नाहीत.

परीक्षा जवळ आली होती आणि थोरली निर्धास्त होती. तेवढ्यात धाकटीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती रजा टाकून माहेरी गेली.

पहिल्या संध्याकाळी थोरलीने विचार केला, चला, घरी बसून हात साफ करू. जुन्या उशीच्या अभ्र्याचे तुकडे घेतले, सुईत लाल दोरा ओवला, चष्मा लावला. नवऱ्याला समोर बसवलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण नुसतं नाव उच्चारायला काय लागतं? त्याने म्हटलं, नर्सांचं वसतिगृह. थोरलीने सुई उचलली आणि थांबली. टाका कुठे ते आलं नाही. ती म्हणाली, दुसरं घ्या. बायकांचा वॉर्ड. नाही आलं. नवऱ्याला पुढचं नाव आठवेना तेव्हा तिनेच ते सांगितलं. त्याच्या पुढचंही सांगितलं. यादीच्या यादी घडाघडा म्हणून दाखवली. एकाचंही उत्तर मात्र देता आलं नाही. हात पुढे व्हायचे, कोपऱ्यांची वाट बघायचे आणि रिकामेच राहायचे.

नवरा बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बघत होता. मग म्हणाला, "प्रश्न तर तुला सगळे येतात. परीक्षा घ्यायचीच नोकरी बघ कुठे मिळाली तर."

थोरलीने अभ्रा त्याच्या अंगावर फेकला. पण त्या रात्री तिला घोळ उमगला. झालं होतं असं, की दोघींनी मिळून एक धडा पाठ केला होता. घडीसारखा तोही दोघींत वाटलेला होता, आणि थोरलीच्या वाट्याला आलं होतं ते नुसतं उभं राहणाऱ्या बाईचं टोक. परीक्षेला ती एकटी बसणार होती.

धाकटी परतली तेव्हा थोरलीने तिला हे सांगितलं. धाकटी हसत सुटली, मग तिचं हसू मावळलं. म्हणाली, आजपासून उत्तर तुम्ही द्या, नाव मी उच्चारते. करून पाहिलं. थोरली उभी, धाकटी चालत येतेय, नाव उच्चारतेय, आणि थोरलीच्या तोंडून उत्तराऐवजी पुढचंच नाव बाहेर पडतंय. हाताला लागलेलं वळण जिभेलाही लागलं होतं. दोन दिवस झगडून झालं. तिसऱ्या दिवशी थोरलीने टेबलाला वळसा घातला आणि धाकटीच्या जागी जाऊन उभी राहिली.

"टोक दे."

"ताई, वेड लागलंय का? गुडघे बघा आपले."

"गुडघे मी रोज बघते. टोक दे."

"बसायची नोकरी मिळवायला चालून चालून पाय मोडून घेणार?"

"उत्तर या टोकाला आहे," थोरली म्हणाली. "मला तिकडे उभ्याने नाही मिळत, तर इथे चालून घेते. तू नाव उच्चार."

धाकटीने टोक दिलं. दिलं म्हणजे थोरलीने ओढून घेतलं. पहिली चादर ताणली, झटकली, दुमडली. धाकटी म्हणाली, नर्सांचं वसतिगृह. थोरली चालायला लागली. चालताना एका पायावर जोर, दुसरा नुसता सोबतीला. अर्ध्या वाटेत ओठ हलले. धाकटीच्या हातात कोपरे ठेवले तेव्हा ती म्हणाली: अनेक. एस आहे. बाहेर. आणि मग वाकून दुमड उचलली, ती उचलताना तिच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच व्याकरणात बसणारं नव्हतं.

मेहनत कशाला म्हणायचं याबद्दल लोकांच्या कल्पना वेगवेगळ्या असतात. घाम आला म्हणजे मेहनत झाली असं नाही. बॉयलरवाल्याला दिवसभर घाम येई, बसल्याजागी. ज्या जागी दुखतं तिथेच पुन्हा पाय टाकावा लागतो, आणि तो कुणी सांगितलं म्हणून नव्हे तर आपल्याला हवं म्हणून टाकला जातो, ती मेहनत. थोरलीने ती परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत केली. घरी गेल्यावर नवरा गरम पाण्याची पिशवी करून द्यायचा. एकदा फक्त म्हणाला, डाव्यावर कमी जोर टाक, उजवा अजून कामाचा आहे. फरशीवाल्याचा सल्ला होता, तिने ऐकला.

परीक्षा खुणेच्या खोलीतच झाली. टेबलाच्या एका बाजूला थोरली, एका बाजूला प्रेसवाला, मध्ये साचा आणि लाल दोऱ्याचं रीळ. मेट्रनबाई खिडकीपाशी. त्या आधी नाव सांगायच्या, ते कापड पुरं झालं की पुढचं. प्रेसवाल्याने पहिलं कापड हातात घेतलं आणि बघता बघता अक्षरं फुलासारखी उमटवली.

थोरलीने पेन्सिल फिरवली, अक्षरं घातली, आणि टाक्यापाशी सुई थांबली. खुर्ची छान होती. हातांची, पाठीला टेकू देणारी. आयुष्यात कामावर अशी खुर्ची तिला मिळाली नव्हती. आणि त्या खुर्चीत बसल्यावर डोक्यात काहीही नव्हतं. तिने डोळे मिटले. उघडले. घडीघरातून चादर झटकल्याचा आवाज आला. ती चादर धाकटीचीच असणार, आणि तिचं आज अर्धं लक्ष कामात नसणार.

थोरलीने सुई कापडात खोवली.

"बाई, जरा उठू का?"

मेट्रनबाईंना वाटलं, बाथरूमला. त्या हो म्हणाल्या. थोरली उठली, दोन्ही हात पुढे धरले, जसं काही त्यात कोपरे आहेत, आणि दारापर्यंत चालत गेली. तिथे पोचल्यावर काहीतरी पुटपुटली, परत आली, बसली, टाका घातला. दुसऱ्या कापडाला पुन्हा उठली. तिसऱ्या कापडाच्या वेळी मेट्रनबाईंनी चष्मा काढला.

"तुम्हाला कल्पना आहे ना, ही बसून करायची नोकरी आहे?"

"बसते ना बाई. टाका घेऊन येते, मग बसते."

प्रेसवाला फिसकन हसला. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं नाव सांगितलं.

अशी सगळी परीक्षा झाली. एकाचं कापड, अनेकांचं कापड, कुणाचंच नसलेलं कापड. थोरली प्रत्येक वेळी उठायची, कपाट आणि टेबल यांच्या चिंचोळ्या फटीतून दारापर्यंत लंगडत जायची, उत्तर आणायची. प्रेसवाला दर वेळी आधीच मोकळा होऊन हातावर हात ठेवून बसायचा. शेवटचं कापड होतं टॉवेल. मेट्रनबाई म्हणाल्या, माझ्या खोलीसाठी. मेट्रनचा.

थोरली उठली, गेली, आली. बसली, पण टाका घालेना. मेट्रनबाईंनी विचारलं, काय झालं? थोरलीने खालमानेने सांगितलं की उत्तर मिळालं आहे, टाका आत, पण समोर उभ्या आहात आणि तुम्हाला एकटं कसं करायचं?

मेट्रनबाईंना कळायला एक क्षण लागला. मग त्या म्हणाल्या, "करा. तशी मी एकटीच आहे."

थोरलीने टाका आत घातला.

मेट्रनबाईंनी दोन्ही ढीग खिडकीच्या उजेडात नेऊन तपासले. प्रेसवाल्याची शिवण बघून त्यांनी मान डोलावली. पण टाके त्याने जागा बघून घातले होते. शब्द जिथे मोकळा दिसला तिथे टाका. दिसायला सुंदर, आणि निम्मे चुकीचे. थोरलीच्या ढिगात एकच चूक निघाली. बाळांच्या खोलीच्या चादरीवर तिने टाका बरोबर बाहेर घातला होता, पण वाय तसाच ठेवून पुढे एस लावला होता. मेट्रनबाईंनी बोट ठेवलं. थोरलीने कापड ओढून घेतलं आणि शिवण उसवायला बसली. उसवून, नीट करून मगच मान वर केली. तोवर प्रेसवाला जाऊन रोलरपाशी सगळ्यांना चालण्याची गोष्ट सांगत होता. रागाने नाही. असली गोष्ट सांगायला मिळाली की माणूस हरलेलं विसरतो.

मेट्रनबाई म्हणाल्या, उद्यापासून या. जाता जाता थांबल्या, त्या फटीकडे बघितलं आणि मुकादमाला बोलावून सांगितलं, हे कपाट पलीकडच्या भिंतीला लावून घ्या. यांना चालायला जागा हवी.

बातमी घडीघरात पोचली तेव्हा धाकटीच्या हातात चादर होती. तिने ती टेबलावर टाकली, आत आली, थोरलीच्या पाया पडायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिचा गुडघा दाबून बघितला. "सुजलाय केवढा," म्हणाली. थोरलीने तिचा हात झिडकारला आणि मग धरूनही ठेवला. बाहेर मुकादम ओरडत होता की रोलरवर चादरी तुंबल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या टेबलाला नवी बाई दिली. तरणीताठी, हसरी, कामाला उतावळी. चादर ताणली, झटकली, दुमडली. धाकटी चालायला लागली. नवीही चालायला लागली. मध्यावर कपाळाला कपाळ आपटलं आणि चादर दोघींच्या पायात गोळा झाली. धाकटीने सांगितलं, तू थांब. नवी थांबली, पण नुसती थांबली. हात सैल, चादर जमिनीला. नवीला उभं राहणं येत नव्हतं. मग धाकटी म्हणाली, बरं, तू चाल, मी उभी राहते. उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही येत नाही. नवी टोक घेऊन आली तेव्हा धाकटीचे कोपरे कुठे, तिचे कुठे. घडी वाकडी. पुन्हा केली. पुन्हा वाकडी. शेजारच्या टेबलावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

थोरली खुणेच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. टाका आणायलाच निघाली होती. तिने सुई पदराला खोचली आणि धाकटीच्या मागे जाऊन तिची दोन्ही कोपरं अंगाशी दाबली.

"खांदे नको ताणूस. वजन टाचांवर घे. तिच्या हाताकडे बघू नको, चादरीकडे बघ. चादर सांगते ती कुठल्या अंगाला झुकतेय. तेवढं तू सोडायचं."

"मला वाटलं, नुसतं उभं राहायचं असतं," धाकटी म्हणाली.

"मग मी इतकी वर्षं काय बाहुलं होते?"

नवी निघाली. चादर धाकटीच्या हातात जरा डावीकडे ओढली गेली. तिने डावं बोटभर सोडलं. नवी आली, कोपऱ्यावर कोपरा बसला. थोरली मागे उभीच होती. पुढची चादर झाली, त्याच्या पुढची झाली. मग ती म्हणाली, ठीक आहे, पण कोपर बाहेर जातंय, लक्ष ठेव. आणि हात पुढे धरून, ओठ हलवत, आपल्या खुर्चीकडे निघून गेली.